फिनुला घरी नाही

फेब्रुवारीतला मंगळवार होता. सात वाजून गेले तरी बाहेर नीट उजाडलं नव्हतं. बर्नी गॅफनी शेगडीपाशी उभी राहून ओटची लापशी ढवळत होती आणि रेडिओवर मयतीच्या बातम्या ऐकत होती. कोण गेलं, कुठल्या चर्चमध्ये मिस्सा, घरी भेटायला किती वाजता यायचं, हे सगळं ऐकल्याशिवाय तिचा दिवस सुरू होत नसे. मागच्या गोठ्यात तिचा नवरा पॅकी दूध काढत होता. ते यंत्र सात ते आठ असं चालायचं की घराच्या मागच्या अंगाला तोफ उडाली तरी कुणाला कळू नये. त्याच अंगाला वरच्या खोलीत तिची लेक फिनुला गुडघ्याला रबरी पट्टा बांधून व्यायाम करत होती. नोव्हेंबरात शस्त्रक्रिया झाली तेव्हापासून ती घरीच होती. त्याआधी अकरा वर्षं डेन्मार्कला.

बर्नीच्या मनात त्या घटकेला एकच काळजी होती. गोठ्यातल्या एका महिन्याभराच्या वासराच्या कानात अजून सरकारी नोंदीचा बिल्ला नव्हता, आणि तो नसला की दंड. पॅकी आज लावतो, उद्या लावतो म्हणत राहिला होता.

तेवढ्यात दारावर थाप पडली. तीही पुढच्या दारावर.

ड्रमशीलमध्ये पुढचं दार कुणी वापरत नाही. तिथून शवपेटी बाहेर जाते आणि फादर आत येतात. बाकी सगळं गाव मागून येतं, न ठोठावता, "आहे का चहा?" असं विचारत. पुढच्या दारावर थाप पडली की समजायचं, सरकार आलं.

बर्नीनं हात पुसले, लापशी बाजूला सरकवली आणि जाऊन दार उघडलं, चार बोटं. बाहेर निळ्या जाकिटातली एक बाई होती, हातात फाईल. तिच्यामागे खांद्यावर पिशवी घेतलेला माणूस.

"नमस्कार. फिनुला मेरी गॅफनी इथंच राहतात का?"

संपूर्ण नाव ऐकलं आणि बर्नीनं ओळखलं. दोनच महिन्यांपूर्वी पॅकीनं गुरांची नोंद लेकीच्या नावावर केली होती. लेक कधी गोठ्यात पाऊल टाकत नसली तरी कागदावर त्या अठरा गाईंची मालकीण तीच होती. म्हणजे ही शेतीखात्याची माणसं. वासरू मोजायला आलेली.

"राहायची," बर्नी म्हणाली. "आता डेन्मार्कला असते."

"आज त्या इथं असल्याचं आमच्याकडे आहे."

"मग तुमच्याकडे चुकीचं आहे हो. काम काय होतं?"

"खासगी आहे. त्यांच्याशीच बोलावं लागेल."

"खासगीच असतं," बर्नी म्हणाली आणि दार लावून घेतलं. मग चपला न बदलता गोठ्यात धावली आणि यंत्राच्या वरताण आवाज काढून ओरडली, "खात्याची माणसं! बिल्ला लाव त्याला!"

साडेसातला पुन्हा थाप. बाई म्हणाली, "त्यांचा फोन लागत नाहीये."

"इथं कुणाचाच लागत नाही. तळ्यापलीकडच्या टेकडीवर जा, तिथं लागतो. पण डेन्मार्कला लागेल का, ते नाही सांगता यायचं."

आठाला पाच कमी असताना तिसऱ्यांदा. आता बर्नीला त्या दोघांची कीव आली. बाईचं नाक थंडीनं लाल झालं होतं. "चहा घेऊन जा," ती म्हणाली, कारण खात्याचा झाला तरी माणूसच. बाईनं नको म्हटलं, घड्याळ बघितलं, फाईलमध्ये काही लिहिलं.

"तुम्ही नक्की सांगताय ना, की त्या घरी नाहीत?"

"बाई, मी तिची आई आहे. मला ठाऊक नसेल तर कुणाला असेल?"

गाडी निघून गेली. यंत्र थांबलं. फिनुला केस बांधत खाली आली आणि टेबलाशी बसली. बर्नीनं तिच्यापुढं वाडगा ठेवला आणि सगळी हकीकत रंगवून सांगितली. आपण त्यांना कसं तिन्ही वेळा परतवलं, पॅकीनं तेवढ्यात बिल्ला कसा ठोकला, ती बाई कशी गारठली होती.

फिनुलानं चमचा खाली ठेवला.

"आई, त्या माणसाच्या खांद्यावर पिशवी होती? कुलपाची?"

"होती खरी. कसली होती ती?"

"बाटल्या असतात तिच्यात." तिनं वाडगा बाजूला सरकवला. "ती खात्याची माणसं नव्हती, आई. माझी लघवी घ्यायला आली होती."

"काय घ्यायला?"

मग फिनुलानं सावकाश सांगितलं. तिच्या पातळीवर बॅडमिंटन खेळणाऱ्यांना रोजचा एक तास लिहून द्यावा लागतो, त्या तासात आपण कुठं सापडू ते. चाचणीवाले कधीही येतात, उत्तेजक औषध घेतलंय का ते तपासायला. सांगितलेल्या जागी सापडलं नाही तर एक चूक. बारा महिन्यांत तीन चुका झाल्या की बंदी, दोन वर्षांपर्यंत. एकदा डेन्मार्कला तिनं सरावाची जागा बदलली आणि लिहून दिलेल्या तक्त्यात बदलायची राहिली. दुसऱ्यांदा बर्फात विमान अडकलं आणि ती दुसऱ्याच शहरात झोपली. दोन्ही तिच्याच गफलती. आजची तिसरी. आणि पुढच्या वर्षीच्या ऑलिंपिकसाठीची पात्रता मे महिन्यात सुरू होणार होती.

"तू मला सांगायचं नाहीस?"

"सांगणारच होते. घरी आल्यापासून रोज सांगणार होते. पण 'ड्रग' हा शब्द या स्वयंपाकघरात काढायचा म्हणजे... तू तेव्हाच जपाची माळ घेऊन बसली असतीस. मला वाटलं, मी सातला जागी असतेच, दार मीच उघडेन."

"यंत्राच्या आवाजात?"

"ते विसरले. डेन्मार्कला गाई नव्हत्या."

बर्नी खुर्चीवर बसली. तिनं बोटांवर मोजलं. "तीनदा," ती म्हणाली. "संत पेत्रानंही तीनदाच नाकारलं, पण गुरूला. मी पोटच्या पोरीला."

"पेत्रानं चहा विचारला नव्हता," फिनुला म्हणाली. पण हसली नाही.

ती बत्तीस वर्षांची होती. आता दोन वर्षं गेली तर पुढं काही उरत नाही, हे तिला बॅडमिंटनमधलं काही न कळणाऱ्या पॅकीनंही सांगितलं असतं.

गावात खेळ म्हणजे फुटबॉल, तोही आपल्याकडचा, हातापायांचा. फिनुला सात वर्षांची होती तेव्हा मुलींचा संघ नव्हता. गावाच्या दुसऱ्या टोकाला प्रोटेस्टंटांच्या चर्चचा हॉल होता आणि तिथं मंगळवारी आणि शुक्रवारी बॅडमिंटन चालायचं. ते चालवायची ऑलिव्ह आर्मिटेज. साठ एकर एकटीनं कसणारी, लग्न न केलेली, पुरुषांचे बूट घालणारी बाई. एके दिवशी ती बर्नीच्या मागच्या दारानं आली.

"बर्नी, तुझी मुलगी आमच्या खिडकीला नाक लावून उभी असते. तिला आत पाठव. निदान काच तरी पुसावी लागणार नाही."

पॅकीची आई, पक्की कॅथलिक, तेव्हा जिवंत होती. ती कोपऱ्यातून म्हणाली, "त्यांच्या हॉलात?"

"हॉलला धर्म नसतो हो आजी," ऑलिव्ह म्हणाली. "छप्पर मात्र दोन्हीकडे सारखंच गळतं."

हॉल बुटका होता. छताखाली आडवे लोखंडी गज होते, भिंतीला भिंत धरून ठेवणारे. पिसांचं फूल गजाला लागलं की गुण गेला, असा तिथला नियम. त्यामुळे ड्रमशीलची माणसं फूल वर मारतच नसत. सरळ, जाळीच्या अंगावरून, थोबाडीत मारल्यासारखं. बाहेरगावचे संघ सामन्याला आले की गोंधळून जायचे. अर्ध्या तासात हरायचे आणि मग सगळे मिळून जेवायला बसायचे, कारण यजमानांनी पाहुण्यांना खाऊ घातल्याशिवाय सामना संपत नसे. अंड्याची सँडविचेस, हॅम, सफरचंदाचा टार्ट. बारा वर्षं तो टार्ट बर्नीनं केला. लेक जिंकली की हरली ते तिला कधी विचारावं लागलं नाही. जिंकली की फिनुला कडा ठेवून द्यायची, हरली की कडेसकट खायची.

पंच नव्हतेच. रेषेवर पडलेलं फूल आत की बाहेर, ते ज्याच्या अंगणात पडलं त्यानं सांगायचं आणि दुसऱ्यानं मानायचं. ऑलिव्हनं पहिल्याच आठवड्यात पोरांना बजावलं होतं, "शंका आली तर समोरच्याचा गुण. जास्त शंका आली तर चष्मा घ्या."

सतराव्या वर्षी फिनुला राष्ट्रीय स्पर्धेला डब्लिनला गेली. तो हॉल असा उंच की छताखाली चिमण्या उडत होत्या. समोरच्या मुलीनं दोन गुणांत हिचं पाणी जोखलं आणि मग फक्त फूल वर वर उडवत राहिली. फिनुला खाली उभी, मान वर करून, पतंग बघावा तशी. बारा मिनिटांत संपलं. परतीच्या रस्त्यावर अर्धी वाट झाली. बर्नी गाडी चालवत होती.

"आई, मला वर मारायला शिकायचंय," फिनुला म्हणाली. "आपल्या हॉलमध्ये वर नाहीच."

त्या हिवाळ्यात पॅकीनं गवताची शेड अर्धी रिकामी केली. गवताचे भारे पलीकडे लावले, मध्ये दोरी बांधली, आणि ऑलिव्ह ट्रॅक्टरच्या ट्रॉलीवर चढून खाली फुलं मारत राहिली. फिनुला खालून वर. शंभर, मग दोनशे. धुळीनं तिला रात्रभर खोकला यायचा. पॅकी बघायला यायचा, पाच मिनिटं उभा राहायचा आणि जाताना म्हणायचा, "गाईंना काय सांगू, कुठं जेवायचं?" पण भारे त्यानं मार्चपर्यंत परत ठेवले नाहीत.

एकोणिसाव्या वर्षी तिच्या पाठीवर देशाचं नाव आलं. पहिला सामना ती हरली, दुसराही. विसाव्या वर्षी ती डेन्मार्कला गेली, कारण शिकायचं तर तिथं. सकाळी पाचपासून बेकरीत पाव भरायची, दुपारी झोपायची, संध्याकाळी खेळायची. तिथल्या प्रशिक्षकानं पहिल्या महिन्यात तिला सांगितलं, "तू चांगली खेळतेस, पण डोक्यावर छप्पर असल्यासारखी." हे तिनं फोनवर आईला सांगितलं तेव्हा बर्नी चिडली होती. "छपराशिवाय वाढली असतीस तर न्यूमोनियानं गेली असतीस, सांग त्याला."

देशासाठी ती सत्तेचाळीस सामने खेळली. त्यातले निम्म्याहून जास्त हरली. दोनदा राष्ट्रीय विजेती झाली. एकदा बल्गेरियात तिनं जगातल्या पहिल्या विसातल्या एका मुलीला तीन गेममध्ये हरवलं. त्या दिवशी तिनं फोनवर निकाल सांगितला नाही, फक्त विचारलं, "टार्टला कोणती सफरचंदं घेतेस?" बर्नीला कळलं. दोन ऑलिंपिक तिची हुकली. एक क्रमवारीतल्या चार जागांनी, एक दुखावलेल्या घोट्यानं.

गावात विचारणारे विचारायचेच. दुकानातला ह्यूई मॅगव्हर्न तर दर वेळी. "काय बर्नी, तुझी लेक अजून कोंबडीच्या पिसांशीच खेळते का?"

"कोंबडीची नव्हेत, हंसाची. तुझा मुलगा कातड्यामागे धावतो, त्याला काही म्हणते का मी?"

तर अशी ही फिनुला. आणि तिला आईनं तीन वेळा दारातून परत पाठवलं होतं.

दहा दिवसांनी पत्र आलं. एप्रिलमध्ये डब्लिनला सुनावणी. संघटनेनं एक वकीलबाई दिली, मिस केअर्न्स. ती एका दुपारी ड्रमशीलला आली आणि कुणी न सांगता मागच्या दारानं आली, तेव्हाच बर्नीला ती आवडली. चहा झाल्यावर तिनं वही उघडली.

"सरळ सांगते. नियम असा आहे की चूक फिनुलाच्या हलगर्जीपणामुळे झाली असं धरूनच चालतात. ती हलगर्जी नव्हती हे आपण दाखवायचं. घरच्या माणसाला सांगून ठेवलं होतं आणि ते माणूस विसरलं, असं असेल तर गोष्ट वेगळी. मिसेस गॅफनी, तुमचं वय?"

"अडुसष्ट."

"हल्ली विसरायला होतं का?"

बर्नीनं तिच्याकडे पाहिलं. प्रश्नामागचा प्रश्न तिला कळला होता. "होतं," ती म्हणाली. "फार होतं. परवा मी मीठ दोनदा घातलं."

"आई," फिनुला म्हणाली.

"डॉक्टर ब्रॉफी लिहून देतील. माझ्या बाळंतपणांपासून ओळखतात मला. लिहा, बर्नी गॅफनीचं डोकं ठिकाणावर नाही. मला काय फरक पडतो?"

"तुझं डोकं या गावात सगळ्यात जास्त ठिकाणावर आहे. तेच तर दुखणं आहे."

"मी म्हणते ना नाही म्हणून."

"आणि मग?" फिनुला टेबलावर पुढं वाकली. "तो कागद छापला जातो, आई. कुणालाही वाचता येतो. उद्या तुझा गाडीचा परवाना काढून घेतील. मग दर गुरुवारी मिसेस टुली आणि त्या दोघी बहिणींना इस्पितळात कोण नेणार? रविवारी मिस्साला वाचन तुला देतील? ह्यूई मॅगव्हर्न मोड परत करताना दोनदा मोजून दाखवेल तुला. मोठ्यानं, लहान मुलाला सांगावं तसं."

"त्याला मी बघून घेईन."

"आणि ते खोटं आहे."

"मी त्या बाईला सांगितलं तेही खोटंच होतं. एक होतं तिथं दोन."

मिस केअर्न्स चहाच्या कपात बघत म्हणाली, "मी कुणाला खोटं बोलायला सांगत नाही. डॉक्टरांनी तपासावं, एवढंच."

"नाही," फिनुला म्हणाली. "दार न ऐकणारी मी. आईला न सांगणारी मी. मला त्या शब्दाची लाज वाटली म्हणून सांगितलं नाही. ते मी सांगेन."

"मग बंदी येईल. कमीत कमी एक वर्ष."

"कधीपासून धरतात?"

"बहुधा त्याच मंगळवारपासून."

फिनुलानं भिंतीवरच्या कॅलेंडरकडे पाहिलं. बर्नीनं तिचे ओठ हलताना पाहिले. ती आठवडे मोजत होती.

पुढचे सहा आठवडे ती रोज हॉलमध्ये गेली. बंदी आली तर कुठल्याही क्लबच्या हॉलमध्ये पाऊल टाकता येणार नव्हतं, म्हणून आहेत ते दिवस वापरून घ्यायचे. ऑलिव्ह आता एकोणऐंशीची होती. खुर्चीत बसून फुलं फेकायची. बर्नी खाली पडलेली गोळा करायची. गुडघा सुजायचा, मग बर्फ, मग पुन्हा. एकदा फिनुला वळताना अडखळली आणि भिंतीला टेकून उभी राहिली, डोळे मिटून.

"थांबूया का?" बर्नीनं विचारलं.

"तिला विचारू नकोस गं," ऑलिव्ह म्हणाली. "दमली की ती सांगत नाही आणि सांगितलं की दमलेली नसते. फूल दे."

बर्नीनं दिलं. पण त्याच आठवड्यात कुणाला न सांगता ती डॉक्टर ब्रॉफींकडे जाऊन आली. त्यांनी तिला तारीख विचारली, पंतप्रधानाचं नाव विचारलं. तिनं मुद्दाम चुकवलं. डॉक्टर चष्म्यावरून बघत राहिले आणि म्हणाले, "बर्नी, गेल्या वर्षी तूच मला माझ्या बायकोच्या वाढदिवसाची आठवण करून दिलीस." पण ती उठेना. शेवटी त्यांनी लिहून दिलं, दोन ओळी, 'वयानुसार विस्मरण संभवते' एवढंच. ते पाकीट तिनं पर्सच्या आतल्या कप्प्यात ठेवलं.

सुनावणी एका हॉटेलच्या बैठकीच्या खोलीत होती. लांब टेबल, पाण्याचे ग्लास, बिस्किटं. पलीकडे तिघं: निवृत्त न्यायाधीश, एक डॉक्टरीण आणि पूर्वी नाव वल्हवण्याच्या शर्यतीत देशासाठी उतरलेला एक माणूस. निळ्या जाकिटातली बाईही होती, आज कोटात. तिनं वेळा वाचून दाखवल्या. सात वाजून नऊ मिनिटं. सात एकतीस. सात पंचावन्न. "शेवटच्या वेळी त्यांनी आम्हाला चहा विचारला," असंही तिनं वाचलं, कारण तेही लिहिलेलं होतं.

मग बर्नीला बोलावलं. न्यायाधीश सौम्य होते. "मिसेस गॅफनी, त्या सकाळचं तुम्हाला नीट आठवतं का?"

हाच तो क्षण, बर्नीला कळलं. तिनं मांडीवरची पर्स उघडली. पाकीट बोटाला लागलं.

"आई, पर्स मिट," फिनुला शेजारून हळूच म्हणाली.

बर्नीनं लेकीकडे पाहिलं. सात वर्षांची असताना रेषेकडे बघून "आत, माझीच चूक" म्हणायची, तेव्हाचाच तो चेहरा. हट्टी, शांत. त्या चेहऱ्यापुढं तिचं कधी चाललं नव्हतं. तिनं पर्स मिटली.

"सगळं आठवतं," ती म्हणाली. "लापशी शेगडीवर होती. रेडिओवर आमच्या मावसभावाची मयत सांगत होते. मी दार उघडलं आणि खोटं बोलले. तीनदा."

"का?"

"मला वाटलं खात्याची माणसं. वासराला बिल्ला नव्हता."

वल्हवणाऱ्यानं खाली मान घातली. हसू दाबताना त्याचे खांदे हलत होते. तो बहुधा शेतकऱ्याचा मुलगा असावा.

"तुम्हाला खोटं बोलायची सवय आहे का, मिसेस गॅफनी?" न्यायाधीशांनी विचारलं.

"फक्त पुढच्या दारात, साहेब."

मग फिनुला बोलली. तिनं फार वेळ घेतला नाही. पहिली चूक कशी झाली, दुसरी कशी, तिसरी कशी. आईला आधी सांगायला हवं होतं, सांगितलं नाही, कारण लाज वाटली. "त्या तासाला मी घरी होते, हे खरं आहे," ती म्हणाली. "पण मी सापडले नाही, हेही खरं आहे. त्याला माझ्याशिवाय कुणी जबाबदार नाही."

सगळ्यांना बाहेर बसवलं. कॉरिडॉरमध्ये मिस केअर्न्स येरझारा घालत होती. बर्नीनं पिशवीतून सँडविचेस काढली. फिनुलानं दोन खाल्ली. निळ्या जाकिटवाली बाई समोरच्या खुर्चीवर एकटी बसली होती. बर्नी उठली आणि डबा तिच्यापुढं धरला.

"मला घेता येणार नाही, मिसेस गॅफनी."

"ते दिसतंच आहे. पण विचारलं नाही असं नको."

पाऊण तासानं आत बोलावलं. न्यायाधीशांनी कागदावरून वाचलं. तिसरी चूक सिद्ध. खेळाडूनं काही लपवल्याचा किंवा औषध घेतल्याचा संशय नाही. तिचा प्रामाणिकपणा लक्षात घेऊन कमीत कमी शिक्षा, एक वर्ष, त्या मंगळवारपासून धरून. तोवर स्पर्धा नाही, संघ नाही, क्लबचा हॉल नाही.

एक वर्ष. बर्नीनं मनात हिशेब लावला. मे ते पुढचा एप्रिल ही पात्रतेची मुदत, आणि त्यातले नऊ महिने गेले. तिनं लेकीचा हात शोधला. तो गार होता.

"शेवटी दहा आठवडे राहतात," फिनुला आईच्या कानाशी पुटपुटली. "सहा स्पर्धा बसतात. मी बघून ठेवलंय."

"गुडघा?"

"गुडघ्याला आता दहा महिने मिळाले की."

न्यायाधीशांनी कागद एकावर एक ठेवले. "निकाल नियमाप्रमाणे जाहीर होईल," ते म्हणाले. "उद्या दुपारी, कारणांसकट. मिस गॅफनी, तुम्हाला अपील करायचंय का? किंवा आणखी काही म्हणायचंय?"

मिस केअर्न्सनं पेन उचललं. बर्नी टेबलावरच्या बिस्किटांकडे बघत बसली. उद्या दुपारी. परवा सकाळपर्यंत गावातल्या प्रत्येक स्वयंपाकघरात.

फिनुला उभी राहिली. गुडघा आखडला होता, म्हणून तिनं एका हातानं टेबल धरलं.

"अपील नाही, साहेब. माझं नाव छापा, तारखा छापा, तिन्ही वेळा छापा. एकच मागायचंय. दार कुणी उघडलं तिथं माझ्या आईचं नाव घालू नका. 'घरातली एक व्यक्ती' एवढंच लिहा."